वाहक म्हणजे कंडक्टर नव्हे!

मी कॉन्व्हेंटवाली. दहावीला मेंडेलचे वाटाणे इंग्लिशमध्ये घोकले: डॉमिनंट, रिसेसिव्ह, ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले, म्हणजे साधारण तीनास एक. मार्क पडले, विषय संपला.

गेल्या दिवाळीत मावसबहिणीचं लग्न ठरत होतं. तिच्या रक्ततपासणीत थॅलेसेमिया मायनर निघालं. डॉक्टर म्हणाले, "ती फक्त वाहक आहे." आजीला एसटीतला वाहक आठवला. (हसू नका, मलाही तोच आठवला!) मुलाकडच्यांनी मात्र 'मुलीत दोष' एवढंच ऐकलं.

समजावायला बसले तर माझ्याकडे मराठी शब्दच नाहीत! शेवटी डब्यातले वाटाणेच काढले. आजी, जनुकं जोडीनं असतात, एक आईचं, एक वडिलांचं. ताईचं एक बिघडलेलं, दुसरं चांगलं, म्हणून ती ठणठणीत. मुलगाही वाहक असला तरच मूल मेजर होण्याची, म्हणजे जन्मभर रक्त चढवावं लागण्याची, शक्यता चारात एक. तीही प्रत्येक खेपेला नव्याने. पहिलं मूल आजारी म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशोब नाही.

म्हणजे खरा प्रश्न मुलाच्या रक्ताचा होता. त्याच्या हिमोग्लोबिनची तपासणी करा म्हटलं, तर उत्तर आलं, "आमच्या मुलाला काय धाड भरलीय?" छत्तीस गुण जुळवणाऱ्यांना एक रिपोर्ट जड झाला. स्थळ मोडलं.

पुस्तकात रिसेसिव्हला 'अप्रभावी' म्हणतात. मला तो शब्दच पटत नाही. ते दुबळं नसतं, लपलेलं असतं.

आता स्थळ आलं की पत्रिकेआधी आजीच विचारते, "मुलगा वाहक आहे का, बघितलंत?"