वळिवड्याची अर्धीच गोष्ट

कोल्हापुरातल्या एका व्याख्यानात परवा एका व्यासंगी भाष्यकारांनी १९४२ च्या चळवळीची झडती घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: युद्धकाळात सरकारला अडवणे म्हणजे शत्रूला हात देणे. समोर हिटलर आणि तोजो होते. जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर हल्ला झाला आणि ते जनतेचे युद्ध ठरले. अशा वेळी तारा तोडणारे आणि कचेऱ्यांवर चालून जाणारे तरुण भाबडे होते. आणि सरकारच्या माणुसकीचा पुरावा हवा असेल, तर आपल्या वेशीवरची वळिवड्याची पोलिश छावणी पाहा. टाळ्या पडल्या. मी तळमळत घरी आलो.

पहिले मुद्दे फार वेळ खाणारे नाहीत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांच्या एकाही प्रतिनिधीला विचारले नव्हते. जनतेला न विचारता पुकारलेले युद्ध जनतेचे कसे? कोल्हापूरच्या प्रजा परिषदेची जबाबदार राज्यपद्धतीची मागणी तर युद्धाच्याही आधीची. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण हुतात्मे झाले. ते तोजोसाठी गेले नव्हते.

वळिवड्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. वक्त्यांनी त्यांना ‘फॅसिझमचे बळी’ म्हटले. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, ही तारीख त्यांना पाठ होती. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या, ही तारीख त्यांच्या तोंडून आली नाही. वळिवड्याला आलेली बहुतेक कुटुंबे त्याच पूर्व पोलंडमधली. १९४० च्या फेब्रुवारीपासून त्यांना घरांतून उठवून, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडले ते स्टालिनच्या सरकारने. जर्मनी उलटल्यावर स्टालिनला दोस्त हवे झाले, तेव्हा त्यांची सुटका झाली. मग इराणमार्गे ती माणसे पंचगंगेकाठी आली. म्हणजे ज्या आघाडीचे गुण गाण्यासाठी वक्त्यांनी या लेकरांना व्यासपीठावर उभे केले, त्याच आघाडीतल्या एका सरकारने त्यांची घरे मोडली होती. छावणी चालवण्यात मोठा वाटा लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा होता, हेही त्यांनी गाळले. आणि छावणी उभी राहिली त्याच १९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे दुष्काळाने मेल्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी व्याख्यानात एक वाक्यही नव्हते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय घरात चालेल, इतिहासात चालत नाही.

हा वाद आम्ही तरुणपणीही घातला आहे. तेव्हाही ‘आत्ता नको, युद्ध आहे’ हेच उत्तर मिळे. ४२ साली हा उपदेश करणाऱ्यांतले कित्येक जण १९६२ च्या चीन युद्धात भारत संरक्षण नियमांखाली तुरुंगात गेले. १९७१ च्या डिसेंबरमध्ये युद्धासाठी पुकारलेली आणीबाणी १९७७ पर्यंत उठली नाही. युद्ध चौदा दिवसांत संपले होते.

मग माझे म्हणणे काय? नाझींचा पराभव व्हायलाच हवा होता. त्यासाठी लढलेल्या हिंदी जवानांपुढे मी नतमस्तक आहे. पण शत्रू दुष्ट आहे एवढ्याने आपले सरकार निर्दोष ठरत नाही. निर्णय कोणी घेतला, किंमत कोण मोजतो आणि खास कायदा कधी उठणार, हे तीन प्रश्न युद्धातच विचारायचे असतात. ज्या मापाने शत्रूला मोजतो, त्याच मापाने आपल्या सरकारला आणि त्याच्या दोस्तांनाही मोजावे. कोल्हापूरच्या मातीने पोलिश लेकरांना जागा दिली आणि त्याच काळात इथल्या माणसांनी सत्तेशी झुंजही दिली. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

छावणीच्या जागी आज गांधीनगर आहे. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत घरे गमावलेली सिंधी कुटुंबे तिथे वसली. त्या जागेचा दाखला देऊन कुठल्याही सरकारला माणुसकीचे प्रशस्तिपत्र देण्याआधी, तिथे आलेल्या माणसाला एवढेच विचारावे: तुला घरातून कोणी उठवले?