जागलीच्या हातात काठीच का?

अमेरिकेतला एक कायदा आज मुद्दाम तुमच्यापुढे मांडतो आहोत. ऐकून हसू येईल. धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला निघालेल्या माणसाने कमरेला पिस्तूल लावावे की नाही, असा प्रश्न आहे. तिकडे तो हौशी शिकाऱ्यांचा वाद असला तरी त्यातली मेख पऱ्हाटी-ज्वारीच्या वावरात रात्र काढणाऱ्यांच्या कामाची आहे.

मिशिगन राज्याचे उदाहरण घ्या. तिथे हरणाच्या शिकारीचे हंगाम ठरलेले आहेत. धनुष्याचा हंगाम 1 ऑक्टोबरला उघडतो, बंदुकीचा 15 नोव्हेंबरला. धनुष्यवाल्याला हरणाच्या अगदी जवळ जावे लागते, म्हणून त्याला आधीचे दिवस. आता त्याच्या कमरेला पिस्तूल दिसले तर संशय येणारच की बाण नावापुरता आणि हरीण गोळीने पाडणार! म्हणून नियम केला की या हंगामात धनुष्यासोबत बंदूक नको. पण रानात एकट्या माणसाच्या जिवाचे काय? त्यावर तोड काढली. पिस्तूल बाळगण्याचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याने ते खुशाल जवळ ठेवावे. मात्र त्याने शिकार करायची नाही. केली तर गुन्हा. मोंटाना राज्यात ग्रिझली अस्वले आहेत, तिथेही धनुष्यवाल्याला जीव वाचवायला बंदूक जवळ ठेवता येते. प्रत्येक राज्याचा नियम थोडा वेगळा, पण हत्यार जवळ असणे आणि त्याने गुन्हा करणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या धरल्या जातात. शिवाय मका-सोयाबीन हरणांनी खाल्ले तर हंगाम नसतानाही हरणे मारायचा परवाना मिशिगनच्या शेतकऱ्याला मिळू शकतो.

अमेरिकेतल्या बंदुकांचे आम्हाला कौतुक नाही. शाळेतल्या लेकरांवर गोळ्या चालतात असा तो देश आहे. प्रत्येक घरात पिस्तूल हवे असे आमचे म्हणणे मुळीच नाही.

आता आपल्याकडे या. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला. गोऱ्यांना मोकळीक, एतद्देशीयांना परवाना. स्वतंत्र भारताने तो काढून 1959 साली नवा कायदा आणला. त्याच्या तेराव्या कलमात चक्क आपला उल्लेख आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येईल, असे त्यात लिहिले आहे. नाकारायचा तर कारणे पुढच्या कलमात दिली आहेत. कागदावर असे आहे. प्रत्यक्षात अर्ज तहसील, पोलीस ठाणे, कलेक्टर कचेरी अशी वारी करतो आणि पंढरीला काही पोचत नाही.

समजा पोचला. बंदूक हाती आली. रात्री दोनला डुकरांचा कळप ज्वारीत शिरला. तरी बार डुकरावर टाकता येत नाही, कारण बंदूक एका खात्याची आणि डुक्कर दुसऱ्या खात्याचे! 1972 च्या वन्यजीव कायद्याचे अकरावे कलम म्हणते की उभ्या पिकाला धोका असेल तर वनखाते लेखी परवानगी देऊ शकते. लेखी परवानगी येईपर्यंत डुकरे थांबतील काय? त्याच कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. मारणे तर आलेच, सापळा लावणे, हाकणे, तसा नुसता प्रयत्न करणे हेही तिच्यात आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेले तर तो गुन्हा नाही, एवढी सवलत आहे. ती जिवापुरती, वर्षाच्या मेहनतीला ती लागू नाही.

तिसरी गंमत निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करा म्हणून हुकूम निघतात. महाराष्ट्र विधानसभेची मतदाने पाहा: ऑक्टोबर 2014, ऑक्टोबर 2019, नोव्हेंबर 2024. ज्वारी कणसावर आणि कापूस बोंडावर असतो तेच हे दिवस.

कायद्याची वाट अशी बंद असली की माणूस आडवाट धरतो. धुऱ्यावर तार ओढून तिच्यात वीज सोडली जाते. हे आपल्याच गावांत चालते, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या तारेला डुक्कर आणि शेजारी यांतला फरक कळत नाही. वाघ मेला की बातमी पेपरात येते. पहाटे पाणी द्यायला निघालेला भाऊ मेला की तालुक्याबाहेर कळतही नाही. तार लावणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण परवान्याची बंदूक माणसाच्या हातात असते, नेम धरावा लागतो, हिशेब द्यावा लागतो. तार मात्र अंधारात एकटीच पडलेली असते.

2016 साली बिहारमध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेवर रोही मारले. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. शेतकऱ्याला त्याच्याच वावरात कोणी विचारले नाही. केरळने 2022 साली वेगळे केले. पिकात येणारे रानडुक्कर मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांना दिला, आणि मारायचे परवानाधारक बंदूकवाल्यांनी. अध्यक्ष गावातच राहतो, रात्री त्याचे दार वाजवता येते. तसा अधिकार इथल्या सरपंचाला का नको?

आमची मागणी एवढीच आहे. तेराव्या कलमाखालच्या अर्जाचा निकाल मुदतीत आणि कारणासह द्या. डुकराची परवानगी गावातच मिळू द्या. पीक उभे असताना राखणीची बंदूक सरसकट जमा करू नका. तिचा गैरवापर झाला तर परवाना काढा, खटला भरा, आम्ही आड येणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांनी परवान्याचे अर्ज केले त्यांनी अर्जाची पोच आणि नकाराचे पत्र आणावे. वनखात्याच्या पंचनाम्याची नक्कल असेल तर तीही आणा. ज्यांनी डुकरांपायी ज्वारी पेरणेच सोडले त्यांनी किती एकर आणि कोणत्या सालापासून, हे एका कागदावर लिहून सही करून द्यावे. हे कागद घेऊनच कलेक्टर कचेरीवर जायचे आहे.