'एल' कुणाच्या गाडीला लावावा?

मराठवाड्याच्या माणसाबरोबर एकदा चहा पिऊन पाहावा. बिल कुणी द्यायचं यावरून तो अशी झटापट करतो की सदऱ्याचं एखादं बटण जायचंच. घरातून निघताना 'तुम्ही व्हा पुढं', 'छे छे, तुम्ही मोठे' असं होऊन दोघंही उंबऱ्यातच उभे. पण हाच भला माणूस बाहेर येऊन गाडीवर बसला की त्याला काय होतं कोण जाणे! दहा रुपयांचा चहा हट्टानं पाजणारा हा दाता पुढच्या चौकात दहा सेकंदं द्यायला तयार नसतो.

हे ज्ञान मला चाळिशी उलटल्यावर झालं. तोवर मी रस्त्याकडे एस.टी.च्या खिडकीतून पाहत होतो आणि तिथून जग बरंच सभ्य दिसतं. मग बँकेनं आपल्या कारकुनाला मोटारीसाठी कर्ज दिलं, मी शिकाऊ परवाना काढला आणि गाडीला पुढेमागे पांढऱ्यावर तांबडा 'एल' लावला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याचं मापसुद्धा ठरलेलं आहे: अक्षराची उंची किमान १० सेंटिमीटर. म्हणजे 'दिसलं नाही' म्हणायची सोय सरकारनं ठेवलेली नाही. पण दिसून उपयोग काय? आमच्याकडे 'एल' म्हणजे 'लर्नर' असं कुणी वाचत नाही. 'लवकर' असं वाचतात.

नांदेडला आय.टी.आय.च्या चौकात एका मोटारसायकलवाल्यानं काच ठोकून माझी चौकशी केली, "ओ मामा, गाडी चालवायलाव का नांगर हाकायलाव?" सिग्नल तेव्हा लाल होता.

लातूरचा अनुभव जास्त गोलाकार आहे. गंजगोलाईच्या मधोमध देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे १६ रस्ते. १९१७ च्या सुमारास ज्यानं ही आखणी केली, त्याच्या मनात सोळा दिशांनी माणसं यावीत असं असेल. सगळ्यांनी एकाच क्षणी यावं असं नसावं. २०१७ ची वाहन चालवण्याची नियमावली सांगते की गोल चौकात जो आधी शिरला त्याचा मान पहिला. गोलाईत मात्र ज्याचा हॉर्न मोठा त्याचा मान पहिला.

यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही घाबरता. घुसायला शिका. घुसल्याशिवाय कुणी जागा देत नाही." गाडी शिकवणारे मास्तरही क्लचच्या आधी हेच शिकवतात. माझं भांडण आहे ते इथं. अहो, हात बसणं वेगळं आणि लाज सुटणं वेगळं. पहिल्याला महिनाभर सराव लागतो, दुसऱ्याला आठवडा पुरतो. शिकाऊ माणसाला आपण पहिला धडा उद्धटपणाचा देतो, त्याला नाव ठेवतो 'कॉन्फिडन्स', आणि सहा महिन्यांनी तोच माणूस पुढच्या 'एल'वाल्याच्या पाठीशी हॉर्न वाजवत उभा राहतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. रस्त्यावरचं रॅगिंग अजून चालूच आहे.

'पण नवशिक्यामुळे रस्ता तुंबतो त्याचं काय?' तुंबतो, मान्य. हॉर्ननं तो सुटतो का? दचकलेल्या माणसाचा पाय क्लचवरून निसटतो आणि दहा सेकंदांत निघाली असती ती गाडी मिनिटभर तिथंच बसते. बरं, दचकलेली गाडी दर वेळी बंदच पडते असंही नाही. कधी ती पुढं उसळते, आणि पुढं कुणाचं तरी पोर सायकलवरून क्लासला चाललेलं असतं. लातुरात तर गल्लोगल्ली क्लासची पोरं. मागून हॉर्न वाजवणारा तोवर दुसऱ्या गल्लीतून निघून गेलेला असतो. पोलीस नाव लिहून घेतात ते 'एल'वाल्याचं.

आम्हाला रांग माहीत नाही असंही नाही. नांदेडच्या सचखंड हजूर साहिबच्या लंगरात जाऊन बघा. व्यापारी असो की हमाल, एकाच पंगतीत मांडी घालून बसतो. 'मला घाई आहे' म्हणून कुणी शेजाऱ्याच्या ताटावरून उडी मारत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. भांडणं होतील या धास्तीनं पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती हे खरं. पण गल्लीत टँकरची वाट बघत घागरी रांगेत असायच्या आणि बाई घरी गेली तरी तिचा नंबर तिची घागर सांभाळायची. रिकाम्या घागरीला जो मान, तो माणसं बसलेल्या मोटारीला का नसावा?

माझ्या काउंटरवर पहिल्यांदा पैसे भरायला आलेला शेतकरी स्लिप उलटी धरतो. मागं रांग असते, पण कुणी त्याच्या कानाशी पिपाणी वाजवत नाही. मागचाच पुढं होऊन "आणा मामा, मी भरून देतो" म्हणतो. फरक एवढाच, की बँकेत समोर माणूस दिसतो आणि रस्त्यावर बंपर. म्हणून तर धक्का लागला की दोघं बाह्या सरसावून उतरतात आणि, "कुठले तुम्ही?" "अहमदपूरचा." "मग आमच्या मेव्हण्याचे गाववाले की!" असं होऊन भांडण टपरीवर मिटतं. गाव जुळलं नाही तर डिकीतून काठी निघते आणि दोन घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. एवढा जुगार कशाला? समोरचा मेव्हण्याच्या गावचा आहे, असं आधीच धरून चालावं.

जपानात १९७२ पासून नव्या चालकाच्या गाडीसाठी हिरव्या-पिवळ्या पानाचं चिन्ह आहे. पहिलं वर्षभर ते लावावंच लागतं. त्या गाडीला विनाकारण बाजूनं दाबणं किंवा तिच्यापुढं घुसणं तिथं गुन्हा आहे. म्हणजे चिन्ह शिकणाऱ्याच्या गाडीवर, पण जबाबदारी शिकलेल्याच्या डोक्यावर. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनं विनाकारण हॉर्न वाजवण्याला १००० रुपये दंड ठेवला आहे, पुन्हा वाजवला तर २०००. तो खरोखर वसूल केला, तर दोन्ही जिल्ह्यांत इतकी रोकड जमेल की आम्हाला मोजायला मशीनं पुरायची नाहीत.

कॉमर्सचा पदवीधर म्हणून मी हिशेबही मांडून पाहिला. जमा: चौकात वाचवलेली दहा सेकंदं. खर्च: चौकापलीकडच्या टपरीवर अर्धा तास. एवढ्या धडपडीनं वाचवलेली दहा सेकंदं कुठं गुंतवली, त्याची नोंद काही सापडत नाही.

तेव्हा माझी मागणी अशी की हा तांबडा 'एल' शिकाऊ गाड्यांवरून उतरवावा, आणि वीस वर्षं गाडी चालवून ज्यांना अजून थांबता येत नाही त्यांच्या गाड्यांना लावावा. परीक्षाही सोपी ठेवा. पुढं एक गाडी बंद पडलेली, आणि उमेदवाराचा अंगठा हॉर्नवर. मिनिटभर न वाजवता बसून दाखवलं तर पास. नाही जमलं तर सहा महिन्यांनी पुन्हा या, आणि तोवर 'एल' काढायचा नाही.