अक्षरागणिक एक चौकोन

दिवाळी अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री डोंबिवलीच्या आमच्या खोलीत एका दीर्घ ऊकारावरून वाद झाला. कर्णावरच्या लेखात ‘सूतपुत्र’चे ‘सुतपुत्र’ झाले होते. सूत म्हणजे सारथी, सुत म्हणजे मुलगा. सारथ्याच्या पोराचा नुसता ‘मुलाचा मुलगा’ होऊन बसला! लेखकाला फोन केला तर म्हणाले, “चालवून घ्या हो, कळतंय ना.” नाही चालवून घेतले. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवायचे, असे शेवटची कर्जत लोकल जाईपर्यंत चालले.

हेच काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारतावर झाले, आणि पुरते होईपर्यंत जवळजवळ अर्धे शतक गेले. एका कागदावर एकच श्लोक. वरच्या ओळीत अक्षरागणिक एक चौकोन, खाली एकेका पोथीची एकेक ओळ. शारदा लिपीतल्या पोथीत किंवा मलयाळममधल्या पोथीत एखादे अक्षर निराळे असले, तर ते नेमके त्याच चौकोनाखाली उतरवायचे. अशा १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या.

खरे तर हे काम युरोपात व्हायचे होते. १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिझ विंटरनिट्झ यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे पोथ्या ताडून मूळच्या जवळचा पाठ ठरवण्याचा, आग्रह धरला. पुढे तिकडच्या विद्वत्संस्थांनी मिळून ते अंगावर घेतले. पुढे बर्लिनला गेलेल्या हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ साली आदिपर्वाच्या सुरुवातीचा नमुनाही छापला. मग १९१४ उजाडले, पहिले महायुद्ध पेटले. काल एका टेबलाशी बसून पाठभेदांवर भांडणारे पंडित आता शत्रुराष्ट्रांचे नागरिक ठरले. काम बारगळले.

त्याच युद्धाच्या धामधुमीत ६ जुलै १९१७ रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, पुण्यात संस्था उभी राहिली. १ एप्रिल १९१९ ला महाभारताला हात घातला गेला, तेव्हा व्हर्सायच्या तहावर सह्याही व्हायच्या होत्या.

ही गोष्ट सांगताना आपली छाती जरा फुगते: साहेबाला जमले नाही ते पुण्याने केले. फुगू द्यावी, पण थोडीच. १९२५ पासून ज्यांनी या कामाला शिस्त लावली ते विष्णू सीताराम सुकथनकर मुंबईचे. केंब्रिजला गणित शिकले आणि संस्कृतासाठी बर्लिनला गेले ते याच ल्यूडर्सांकडे. ल्यूडर्सांचे थांबलेले काम त्यांच्याच शिष्याने पुण्यात पुढे नेले.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा मात्र काम थांबले नाही. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन अमेरिकेत येल विद्यापीठात. त्यांचे पर्व १९४४ ला पुण्यात छापून निघाले. त्या वर्षांत आपल्या कल्याणजवळ लष्कराची छावणी पसरली होती. छावणी गेली, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, उल्हासनगर झाले. पण पत्ता अजून ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. आपल्याकडे युद्ध असे पत्त्यांतून उरले आहे.

जानेवारी १९४३ मध्ये सुकथनकर मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर चार व्याख्याने देणार होते. तीन झाली. २१ जानेवारीला ते गेले. मे महिन्यात, युद्धाच्या पलीकडच्या बाजूला, जर्मनीत ल्यूडर्सही गेले. न दिलेले चौथे व्याख्यान इतर तिन्हींसोबत पुस्तकात यायला १९५७ साल उजाडले. महाभारताची सगळी पर्वे पुरी व्हायला १९६६.

आमचा अंक त्या मानाने चार महिन्यांत आटोपला. चुका राहिल्या असतीलच. सापडल्या तर पान आणि ओळ लिहून जरूर कळवा. ‘सूतपुत्र’ तेवढा तपासला आहे.