वेतनातील दरी आणि घराचा उंबरठा

‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व आपल्याकडे १९७६ सालीच कायद्यात आले. अनेक प्रगत देशांनी ते त्याआधीच स्वीकारले होते. तरीही स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर कुठेच पुरते मिटलेले नाही. मालकांचा पक्षपात हे याचे एक कारण आहेच. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही, असे अलीकडचे अर्थशास्त्रीय संशोधन सांगते.

या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा अमेरिकी इतिहास धुंडाळणाऱ्या हार्वर्डच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे नोबेल मिळाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी व सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठाच्या एमबीए पदवीधरांचा मागोवा घेतला. आरंभी दोघांचे वेतन जवळपास सारखेच होते. दरी रुंदावली ती पुढे, आणि तिचे एक मोठे कारण अपत्यजन्मानंतर आलेला खंड व कमी झालेले कामाचे तास हे होते. डेन्मार्कमध्ये हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनाही हेच आढळले. पहिल्या अपत्यानंतर आईची मिळकत वडिलांच्या तुलनेत दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. पाळणाघरे आणि रजा यांबाबत उदार असलेल्या देशाची ही स्थिती!

याचे मर्म कामाच्या रचनेत आहे. वेळी-अवेळी हाकेला धावणाऱ्या कर्मचाऱ्याला बाजार वाजवीहून अधिक मोबदला देतो. साहजिकच घरातला एक जण ती नोकरी पत्करतो आणि दुसरा घर सांभाळता येईल अशी. हा दुसरा कोण, हे सांगायला नको. उलट अमेरिकेतील औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात संगणकीय नोंदींमुळे एकाचे काम दुसऱ्याला सहज सोपवता येऊ लागले आणि तेथील दरी बरीच घटली.

भारतात प्रश्न याहून बिकट आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्चतात, तर असे काम करणारे पुरुष ८८. श्रमबलातील स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले खरे. पण या वाढीत मोठा वाटा ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात कुटुंबाच्या शेती-धंद्यात विनावेतन राबणाऱ्याही येतात.

अशा वेळी धोरणाची दिशा तपासायला हवी. २०१७ मध्ये प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, हे स्वागतार्हच. मात्र कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेर त्या रजेच्या वेतनाचा भार एकट्या मालकावर पडला; त्यामुळे तरुण स्त्रीला नोकरी देतानाच हात आखडण्याचा धोका निर्माण झाला. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्वरजा आहे, खासगी क्षेत्रातील पित्याला मात्र तसा कायदेशीर हक्क नाही. मूल वाढवणे ही आईची जबाबदारी, असेच कायदाही जणू गृहीत धरतो. रजेचा खर्च समाजाने उचलला आणि रजा पित्याच्याही वाट्याला आली, तरच समान वेतनाचे तत्त्व कागदावरून व्यवहारात उतरेल.