डग्लस यांचा ख्रिस्त आणि मालकांचे चर्च

अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्याविषयी दोन मते फार ठामपणे मांडली जातात. पहिले असे की, गुलामगिरीतून निसटलेला हा माणूस मनातून नास्तिकच होता. बायबलची भाषा त्याने श्रोत्यांपुरती वापरली. दुसरे मत चर्चच्या कैवाऱ्यांचे. डग्लस पक्के ख्रिस्ती होते, त्यांचा राग होता तो मूठभर ढोंगी मालकांवर, चर्चला त्याची झळ लागत नाही, असे ते सांगतात. मते परस्परविरुद्ध, पण दोन्हींच्या मुळाशी गृहीत एकच आहे: श्रद्धेची मालकी चर्चकडे असते. म्हणून चर्चवर तुटून पडणारा एकतर श्रद्धाहीन असला पाहिजे, नाहीतर त्याचा हल्ला मनापासूनचा नसला पाहिजे. हे गृहीतच चूक आहे, आणि ते खोडून काढायला डग्लस यांचे आयुष्य पुरेसे आहे.

पहिल्या पक्षाकडे पुरावे आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टरच्या कोरिंथियन हॉलमध्ये डग्लस यांनी जाहीरपणे सांगितले की, गुलामगिरीची पाठराखण करणाऱ्या पाळकांच्या सुवार्तेपेक्षा नास्तिकता पत्करली. १८७० साली, काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाल्यावर, देवाचे आभार मानण्याचा ठरावीक सूर लावायला त्यांनी नकार दिला आणि माणसांचे आभार मानले. त्यावर फिलाडेल्फियातल्या काळ्या पाळकांनी त्यांचा निषेध केला. त्यांची जर्मन मैत्रीण, पत्रकार ओटिली आसिंग, हिने धर्माचे टीकाकार तत्त्वज्ञ फॉयरबाख यांना पत्र लिहून कळवले की, तुमच्या ग्रंथाने डग्लस यांचे मत पालटले. त्यांच्या वॉशिंग्टनच्या घरात फॉयरबाख यांचा अर्धपुतळाही होता.

आता हे पुरावे नीट तपासू. १८५२ च्या त्याच भाषणात, त्या जळजळीत वाक्यांच्या पाठोपाठ डग्लस साक्षीला बोलावतात ते यशया संदेष्ट्याला. तुमच्या हातांना रक्त लागले आहे, तुमचे सण आणि यज्ञ मला नकोत, असे देव इस्राएलाला बजावतो तो पहिला अध्याय त्यांनी पाळकांसमोर धरला. नास्तिकाला यशयाची गरज पडत नाही. १८७० च्या नकाराचे कारण त्यांनी त्याच वेळी सांगितले होते: गुलामगिरी मोडण्यासाठी ज्यांनी बोटही हलवले नाही, उलट आडकाठी केली, तेच आता देवाचे आभार माना म्हणून आग्रह धरत आहेत. यात राग आहे तो देवाच्या नावाआड दडणाऱ्यांवर. आसिंगचे पत्र तिची स्वतःची इच्छा सांगते. ती स्वतः उघड निरीश्वरवादी होती. त्या पत्राला डग्लस यांच्या कबुलीचे वजन देता येणार नाही. उतारवयात त्यांचे विचार सैल झाले, चमत्कारांपेक्षा माणसाच्या प्रयत्नावर त्यांची भिस्त वाढली, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. त्याला श्रद्धात्याग म्हणणे मला पटत नाही.

कारण ही श्रद्धा त्यांना कुठून मिळाली ते पाहिले पाहिजे. ती मालकाच्या घरातून आलेली नाही. बाल्टिमोरमध्ये, वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास, फ्रेडरिकच्या मनाला पहिला धक्का दिला तो एका गोऱ्या मेथडिस्ट उपदेशकाने, हे खरे. पण त्या धक्क्याला आकार दिला चार्ल्स लॉसन या म्हाताऱ्या काळ्या गाडीवानाने. लॉसन यांना वाचन जेमतेम यायचे. मुलाने अक्षरे लावून दाखवायची, त्या वचनांचा अर्थ म्हाताऱ्याने उलगडायचा, असे दोघांचे रविवार जात. देवाने तुझ्यासाठी मोठे काम राखून ठेवले आहे, असे लॉसननी त्याला सांगितले. मी तर जन्माचा गुलाम, असे मुलगा म्हणाला, तेव्हा त्यांचे उत्तर होते: मागून पाहा, देव तुला मोकळे करू शकतो. मालक ह्यू ऑल्ड याने लॉसनकडे गेलास तर चाबकाने फोडीन अशी धमकी दिली. मुलगा जातच राहिला. बाल्टिमोरच्या गटारांत पडलेली बायबलची पाने तो वेचायचा, धुऊन वाळवायचा आणि वाचायचा. श्रोत्यांना खूश करण्यासाठी उसनी घेतलेली भाषा अशी येत नाही.

इथे आणखी एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ख्रिस्ती धर्माने गुलामांना नमते घ्यायला शिकवले, मग गुलामाची श्रद्धा म्हणजे मालकाचीच बेडी नव्हे काय? मालकांच्या पाळकांनी आज्ञापालनाची वचने निवडून गुलामांपुढे घोकली, यात शंका नाही. पण मालकांची भीती काय सांगते? १८३३ च्या सुमारास मेरीलँडच्या सेंट मायकल्स गावात तरुण फ्रेडरिक गुलामांसाठीच्या रविवारच्या शाळेत शिकवू लागला. तिथे शिकवायचे होते ते बायबलच. मेथडिस्ट मंडळीतले दोन वर्गपुढारी (मंडळीतल्या छोट्या गटांचे प्रमुख) काठ्या घेऊन जमावासह आले आणि शाळा उधळली. तुला दुसरा नॅट टर्नर व्हायचे आहे काय, असे फ्रेडरिकला विचारण्यात आले. नॅट टर्नर म्हणजे १८३१ साली व्हर्जिनियात बंड करणारा गुलाम; तोही उपदेशक होता. बायबल वाचणारा गुलाम नमत नाही, ताठ उभा राहतो, हे मालकांना चांगले ठाऊक होते. मान खाली घालायला लावणारे पुस्तक असते, तर त्यांनीच ते वाटले असते.

आता चर्चच्या कैवाऱ्यांकडे वळू. मूठभर ढोंगी म्हणता, तर डग्लस यांचा सेंट मायकल्समधला मालक टॉमस ऑल्ड याचे काय? मेथडिस्टांच्या मेळाव्यात त्याने पश्चात्ताप केला, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सुरू केली, आणि हेन्नी नावाच्या हात भाजून अधू झालेल्या तरुणीला बांधून फटके मारताना लूकच्या बाराव्या अध्यायातले वचन म्हटले. डग्लस यांची स्पष्ट साक्ष आहे की, धार्मिक झाल्यावर हा मालक जास्त क्रूर झाला. जिद्द मोडण्यासाठी डग्लस यांना ज्याच्याकडे धाडले, तो एडवर्ड कोव्हीही वर्गपुढारीच. आणि ही केवळ दक्षिणेची गोष्ट नाही. १८३८ साली पळून न्यू बेडफर्डला आल्यावर मुक्त राज्यातल्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये ते गेले. तिथे गोऱ्यांचे प्रभुभोजन उरकल्यावर काळ्यांना पुढे बोलावले गेले, आणि पाळकाने वर असेही सांगितले की देव पक्षपाती नाही. ख्रिस्ताच्या मेजापाशी पंक्तिभेद! डग्लस उठून गेले आणि काळ्यांच्या छोट्या झायन मेथडिस्ट मंडळीत सामील झाले. तिथे ते उपदेशक झाले.

चर्चच्या पैशालाही त्यांनी हात घातला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे ३,००० पौंड जमवले होते, त्यात गुलाममालकांचा पैसा होता. १८४६ मध्ये स्कॉटलंडभर सभा घेऊन डग्लस यांनी ती रक्कम परत करा म्हणून मोहीम चालवली. चर्चने पैसे परत केले नाहीत. हे आपल्याला दूरचे वाटायला नको. १८४३ साली मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आणि हिंदुस्थानातले इतर स्कॉटिश मिशनरी याच फ्री चर्चमध्ये गेले होते, आणि त्याच वर्षांत जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. ज्या चर्चने पुण्यात शूद्राच्या मुलाला विद्या दिली, तेच चर्च गुलामांच्या घामाचा पैसा सोडायला तयार नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे हा डग्लस यांच्यावर अन्याय आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या लढ्यात स्वतः दास्य भोगलेले डग्लस आघाडीवर होते.

हे सगळे भोगून आणि बोलूनही काळ्यांच्या चर्चशी डग्लस यांचे नाते तुटले नाही. ९ जानेवारी १८९४ रोजी काळ्यांच्या झुंडबळींविरुद्धचे त्यांचे मोठे भाषण झाले ते वॉशिंग्टनच्या मेट्रोपॉलिटन आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमध्ये, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांची अंत्योपासनाही तिथेच झाली.

१८४५ च्या त्यांच्या आत्मकथेला शेवटी एक छोटे परिशिष्ट आहे. आपल्याला धर्मविरोधी समजू नये म्हणून ते त्यांनी मुद्दाम जोडले. या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत त्यांनी तिथे उभी रेघ ओढली आहे, आणि शास्त्री-परूश्यांना येशूने सुनावलेले शब्द अमेरिकेच्या पाळकांना ऐकवले आहेत. त्यांना नास्तिक म्हणणाऱ्यांनी आणि त्यांना चर्चचे भूषण म्हणून मिरवणाऱ्यांनीही, पुढचे विधान करण्याआधी ती थोडी पाने वाचावीत.