विश्लेषण : सेक्स टॉय अश्लील की असुरक्षित? खरा प्रश्न कोणता?

‘सेक्स टॉय’ हा शब्द आला की आपल्याकडे चर्चा अश्लीलतेपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ही वस्तू कशापासून बनली आहे, ती शरीराच्या आत वापरणे सुरक्षित आहे का, ती उकळून साफ करता येते का, हे फारसे कुणी विचारत नाही. नागपूरच काय, मोठ्या महानगरांतही ती दुकानात जाऊन उघडपणे मागणे अवघड जाते. मग ती ऑनलाइन मागवली जाते आणि ‘मसाजर’ म्हणून साध्या खोक्यात घरी येते. छोटे कारागीर सिलिकॉन हाताने साच्यात ओतूनही अशा वस्तू बनवतात आणि त्यासाठीचा कच्चा माल घरबसल्या मिळतो. त्यामुळे पदार्थाची सुरक्षितता हा आता आरोग्याचा प्रश्न आहे.

न्यायालयात कोणता प्रश्न आला?

परदेशातून आलेले ‘बॉडी मसाजर’ हे प्रत्यक्षात सेक्स टॉय आहेत, असे म्हणत सीमाशुल्क विभागाने ते जप्त केले होते. त्यासाठी अश्लील वस्तूंच्या आयातीला मनाई करणाऱ्या १९६४ च्या अधिसूचनेचा आधार घेण्यात आला. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विभागाचे अपील फेटाळले. त्याआधी २०२१ मध्ये गोव्यातील कळंगुट येथे अशा साधनांचे दुकान सुरू झाले आणि काही आठवड्यांतच पंचायतीच्या कारवाईमुळे बंद पडले. दोन्ही वेळा वाद वस्तूच्या नावाचा, रूपाचा आणि परवान्याचा होता. त्यात वापरलेले प्लॅस्टिक किंवा रबर तपासावे, असा मुद्दा चर्चेत आलाच नाही.

सिलिकॉन हा एकच पदार्थ आहे का?

नाही. चितारओळीच्या शहराला साचा म्हणजे काय हे सांगायला नको. मेणबत्त्या, साबण, रेझिनच्या शोभेच्या वस्तू यांच्या साच्यांसाठी बाजारात दोन भागांचे द्रव सिलिकॉन मिळते. ते घट्ट होण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत कथिलाची संयुगे उत्प्रेरक असतात, दुसरीत प्लॅटिनम. कथिलाचे सिलिकॉन स्वस्त असते आणि साच्यांसाठी उत्तम चालते. पण त्यातील उत्प्रेरकाचा अंश मागे राहतो, म्हणून ते शरीराच्या आत वापरायच्या वस्तूसाठी योग्य नाही. अशा वस्तूसाठी प्लॅटिनम पद्धतीचेच सिलिकॉन हवे. डब्यावर फक्त ‘सिलिकॉन रबर’ लिहिले असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

ओतकामात चूक कुठे होते?

प्लॅटिनमचे सिलिकॉन नाजूक असते. गंधक असलेली मॉडेलिंगची माती, लॅटेक्सचे हातमोजे किंवा आधी कथिलाचे सिलिकॉन वापरलेले भांडे यांच्या संपर्कात आले की ते नीट घट्ट होत नाही. थ्रीडी प्रिंटरच्या काही रेझिनमुळेही हेच घडते. वरचा थर चिकट राहिला तर तो धुऊन किंवा पावडर लावून सुधारत नाही. ती वस्तू फेकून द्यायची असते. दोन भागांचे प्रमाण अंदाजाने न घेता काट्यावर किंवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे मोजून घ्यावे लागते.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. डब्यावर दिलेला कामाचा वेळ साधारण २३ ते २५ अंश तापमानासाठी असतो. खोलीत ४० अंश असतील तर मिश्रण फार लवकर घट्ट होते आणि आतली हवा बाहेर निघत नाही. पृष्ठभागावर राहिलेल्या बारीक छिद्रांत घाण साचते. नरमपणासाठी वरून जास्तीचे सिलिकॉन तेल मिसळले, तर ते पुढे पाझरत राहते. रंगही शरीराच्या संपर्कासाठी तपासलेला असावा लागतो.

‘मेडिकल ग्रेड’ लिहिले म्हणजे झाले का?

तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कच्चा माल चाचणी झालेला असला, तरी त्यात रंग मिसळून, घरच्या साच्यात ओतून तयार झालेली वस्तू आपोआप चाचणी झालेली ठरत नाही. ‘त्वचेसाठी सुरक्षित’ हा शेराही बहुतेकदा बाहेरच्या त्वचेपुरता असतो. पीव्हीसी मऊ करण्यासाठी थॅलेट रसायने वापरली जातात. डेन्मार्कच्या पर्यावरण यंत्रणेने २००६ मध्ये केलेल्या तपासणीत सेक्स टॉयमध्ये ती आढळली होती.

स्वच्छता कशी ठेवायची?

मोटर नसलेली भरीव सिलिकॉनची वस्तू साबण-पाण्याने धुऊन काही मिनिटे उकळता येते. मोटर असलेली वस्तू उकळू नये. टीपीई किंवा पीव्हीसीसारखे सच्छिद्र पदार्थ पूर्ण निर्जंतुक होत नाहीत; त्यांवर निरोध चढवावा. दुसऱ्या व्यक्तीने वापरताना नवा निरोध घ्यावा. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचे वंगण वापरू नये, पाण्याचे वापरावे. चीर पडली, वास आला किंवा चिकटपणा जाणवला तर वस्तू टाकून द्यावी. जळजळ, रक्तस्राव किंवा असामान्य स्राव झाल्यास डॉक्टरांना खरे कारण सांगावे, म्हणजे योग्य उपचार होतील.

नियम काय सांगतात?

२०२१ मध्ये ‘आयएसओ ३५३३’ हे या साधनांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याची मागणी एका स्वीडिश शल्यचिकित्सकाने लावून धरली होती. गुदमार्गात अडकलेल्या वस्तू काढण्याची वेळ त्यांच्यावर येत होती. अशा वस्तूचा तळ रुंद असावा ही साधी अट किती मोलाची आहे, हे त्यावरून कळते. आपल्याकडे लहान मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि त्यांच्या मानकात थॅलेटचाही विचार आहे. निरोधाच्या पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते. शरीराच्या आत वापरायच्या या साधनांना मात्र तशी सक्ती नाही.

कायद्याच्या भीतीने विक्रेता वस्तूला ‘मसाजर’ म्हणतो आणि लाजेपोटी ग्राहक तक्रार करत नाही. या दोन्हींचा फायदा निकृष्ट माल विकणाऱ्याला होतो. प्रामाणिक कारागिराचे मात्र नुकसानच होते, कारण महाग प्लॅटिनम सिलिकॉन आणि साच्याचे स्वस्त सिलिकॉन यांतला फरक ग्राहकाला दिसत नाही. भारतीय मानक ब्युरोने आयएसओच्या धर्तीवर किमान अटी सक्तीच्या कराव्यात. पदार्थाचे नाव, उत्प्रेरकाचा प्रकार, बॅच, साफ करण्याची पद्धत आणि बनवणाऱ्याचा पत्ता पाकिटावर असावा. तोपर्यंत ही माहिती न देणाऱ्याकडून वस्तू घेऊ नये. अशी साधने वापरावीत की नाही, हे प्रत्येक प्रौढाने स्वतः ठरवावे. त्यात विष नसेल याची खात्री करणे मात्र सरकारचे काम आहे.